पिकअपचं नाक उचलायचंय: लेव्हलिंग किट, रिम आणि टायर कसे ठरवू?

मोकळीवाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन रांगांच्या केबिनचा पिकअप आहे, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे पाटे. घेतल्यापासून एक गोष्ट डोळ्याला खुपते: गाडी पुढे वाकलेली दिसते. मागचा भाग वर, नाक खाली. लेव्हलिंग किट टाकून पुढचा भाग अडीच इंच उचलायचा, 20 इंची रिम घालायचे (10 इंच रुंद, ऑफसेट उणे 18 मिमी; ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बैठकीचं अंतर, उणे असेल तर चाक बाहेर येतं) आणि त्यावर 33 इंची साडेबारा रुंदीचे टायर, असं मनात पक्कं केलं होतं. चित्रं बघून बघून ठरलेलं आहे, हे आधीच सांगतो.

सध्या 265/70 आर 17 टायर आहेत (265 मिमी रुंद, कडेची उंची रुंदीच्या 70 टक्के, 17 इंची रिमसाठी), रिम साडेसात इंच रुंद, ऑफसेट अधिक 30. गाडी 90,000 किमी चालली आहे. आठवड्यातले चार दिवस हौद्यात अवजारं असतात आणि महिन्यातून दोनदा मागे ट्रॉली लागते. काही चुकतंय का? ऑर्डर देण्याआधी विचारतोय.

जुना पाना

ऑर्डर थांबवलीत हे फार बरं केलंत. तुम्ही क्रम उलटा लावला आहे. आधी ओझं, मग टायर, मग रिम आणि सगळ्यात शेवटी किट. बहुतेक जण किटपासून सुरुवात करतात आणि मग प्रत्येक पुढची वस्तू आधीची चूक झाकायला विकत घेतात.

नाक खाली असणं हा कंपनीचा हलगर्जीपणा नाही. मागे वजन पडल्यावर पाटे दबतात आणि गाडी समपातळीत येते, त्यासाठी ती रिकामी असताना मागून वर ठेवलेली असते. रिकामी असतानाच सपाट केली, तर भरल्यावर ती मागे बसणार आणि नाक आभाळाकडे जाणार.

तेव्हा आधी मोजा. जमिनीपासून नाही, कारण त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत टेप धरा. चारही चाकं, सपाट फरशीवर, टाकी अर्धी भरलेली. मग तुमचं नेहमीचं ओझं हौद्यात ठेवून पुन्हा तेच मोजा. पुढची आणि मागची फेंडरची कमान प्रत्येक गाडीत एकाच उंचीवर कापलेली नसते, म्हणून दाराखालच्या पट्टीवर लेव्हल ठेवूनही बघा. आकडे इथे टाका, मग बोलू.

मोकळीवाट

काका, आज सकाळी मोजलं. रिकामी: पुढे 517, मागे 565 मिमी. म्हणजे 48 मिमीचा फरक. मग अवजारांच्या पेट्या आणि वाळूच्या गोण्या मिळून साधारण 300 किलो मागच्या धुऱ्याच्या वर ठेवले. मागची बाजू 34 मिमी खाली गेली आणि पुढची 3 मिमी वर आली. फरक उरला फक्त 11 मिमी.

खरं सांगतो, टेप हातात धरून मी जरा वेळ तसाच बसलो होतो. अडीच इंच म्हणजे 63 मिमी. ते घातले असते तर ओझं असताना पुढचा भाग मागच्यापेक्षा 52 मिमी वर गेला असता, आणि ट्रॉली लावल्यावर आणखी.

चिखलयात्री

आकडे बघून आनंद झाला, इतकं नीट मोजणारे कमी. पण टायर मोठे घ्या, एवढं नक्की म्हणेन. 285/70 आर 17 घ्या. तुमच्या 265/70 चा व्यास 803 मिमी येतो, 285/70 चा 831. म्हणजे धुरा 14 मिमी वर जातो, आणि ही उंची पोटाखाली खरी मिळते. किट फक्त पुढची चौकट उचलतं. मागच्या डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. त्याला उचलणारी एकच वस्तू म्हणजे टायर.

आता रिमबद्दल, स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. मी उणे ऑफसेटचे रुंद रिम घेतले होते. उभी गाडी झकास दिसायची. पहिल्याच वळणावर, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे तोडून रिव्हर्स घेताना, खर्रर्र असा आवाज. खाली वाकून बघितलं तर चाकाच्या मागच्या बाजूला, जिथे केबिनचा माउंट चौकटीला बसतो, तिथला पत्रा उघडा पडला होता आणि टायरच्या खांद्यावरच्या नक्षीच्या दोन ठोकळ्यांची कोपरं तासल्यासारखी गुळगुळीत झाली होती. लोकांना वाटतं टायर घासतो तो उंची कमी पडल्यामुळे. माझ्या गाडीला उंची भरपूर होती. चाक बाहेर गेलं की वळताना ते मोठ्या वर्तुळात फिरतं आणि मागे माउंटला, पुढे बंपरच्या कोपऱ्याला जाऊन लागतं.

तुमच्या मनातल्या रिमचा हिशोब करून बघा. रुंदी साडेसातवरून दहा, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे 32 मिमी. ऑफसेट अधिक 30 वरून उणे 18, म्हणजे 48 मिमी बाहेर. रिमची बाहेरची कड 80 मिमी बाहेर येणार. आठ सेंटीमीटर! अख्खं चाक फेंडरच्या बाहेर चिखल उडवत जाईल, आणि बेअरिंगवर तरफेसारखा जास्तीचा भार पडेल तो वेगळाच.

वजनकाटा

आधीचे सगळे मुद्दे मान्य. पण टायरच्या कडेवरचे दोन-तीन अंक कुणी वाचलेच नाहीत, आणि ओझं वाहणाऱ्या गाडीला तेच सगळ्यात महत्त्वाचे.

265/70 आर 17 हे फक्त माप झालं. त्यापुढे 115, 112, 121 असा भार निर्देशांक असतो. 115 म्हणजे एका टायरवर 1215 किलो, 112 म्हणजे 1120, 121 म्हणजे 1450. वरवर बघता कंपनीचा 115 वाला टायर 112 पेक्षा दणकट वाटेल. पण तो प्रवासी गाडीच्या वर्गातला असेल, तर पिकअपवर बसवताना त्याची क्षमता 1.10 ने भागून धरायची असते. 1215 भागिले 1.10, म्हणजे साधारण 1105. मालवाहू वर्गातल्या, म्हणजे मापाआधी एलटी लिहिलेल्या टायरला हा भागाकार नाही. त्यामुळे एलटी, भारश्रेणी सी (भारश्रेणी म्हणजे टायरच्या दणकटपणाची पायरी; सी पेक्षा ई जास्त), 112 हा टायर प्रत्यक्षात तुमच्या जुन्या टायरच्या किंचित पुढेच आहे.

आता मंडळी सरळ भारश्रेणी ई कडे उडी मारतात. "दहा प्लायचा आहे, कधी फुटणार नाही." ई चे टायर जाड बाजूंचे, कडक आणि जड असतात. एकेका चाकाला कित्येक किलो वाढतात, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं. खड्ड्यात चाक आपटलं की शॉकॲबला ते आवरायचं असतं, आणि ब्रेकलाही तेच थांबवायचं असतं. रोज दगडधोंड्यांतून जात असाल किंवा जड ट्रॉली कायम मागे असेल तर ई घ्याच. 300 किलो अवजारांसाठी मी सी घेईन.

हवेबद्दल एक सांगतो, कारण इथे चूक झाली तर जिवावर बेतते. दारावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब कंपनीच्या मूळ टायरसाठी आहे. एलटी टायरला तेच वजन पेलायला त्याहून जास्त दाब लागतो. टायर बनवणाऱ्यांचे भार आणि दाबाचे तक्ते असतात, त्यात आपल्या धुऱ्यावरचं वजन बघून किमान दाब काढायचा. ई वर लिहिलेले 80 पीएसआय हा कमाल भारासाठीचा आकडा आहे, रोज भरायचा नाही. तक्त्यातला किमान दाब भरल्यावर नक्षीवर आडवी खडूची रेघ मारून सरळ रस्त्यावर थोडं अंतर चालवा. मधलीच रेघ पुसली गेली तर हवा जास्त, कडेची पुसली गेली तर कमी. पण खडू काहीही म्हणाला तरी तक्त्याच्या खाली जायचं नाही.

आणि टायर घेताना त्याचं वय बघा. कडेवरच्या कोडचे शेवटचे चार अंक: 2324 असेल तर 2024 सालचा 23 वा आठवडा.

मोकळीवाट

वजनकाटा, हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. 20 इंची रिमचा विचार सोडला. 33 इंच (285/70) की सध्याचंच 31.6 इंच (265/70), यात अजून घुटमळतोय. चिखलयात्रींचा मुद्दा पटतो, पण माझं 90 टक्के चालवणं डांबरी रस्त्यावर आहे.

पाना काका, किटबद्दल सांगा ना. वरती चकती बसवायचं किट सगळ्यात सोपं दिसतंय. आणि एक कोडं आहे: दोन इंच उंचीच्या किटमधली चकती जेमतेम एक इंच जाड कशी?

जुना पाना

कोडं चांगलं पकडलंत. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲबचा एकत्र खांब) खालच्या आर्मवर, म्हणजे चौकटीपासून चाकाकडे जाणाऱ्या आडव्या दांड्यावर, चाकापाशी बसत नाही, साधारण मध्यावर बसतो. चौकटीपाशी बिजागरी, मध्ये स्ट्रट, टोकाला चाक. मध्यावर एक इंच ढकललं की टोक जवळजवळ दोन इंच हलतं. म्हणून चकतीची जाडी आणि गाडीची उंची यांत घोळ करू नका. मिलिमीटरभर जास्त जाडीची चकती चाकापाशी दुप्पट बोलते.

पर्याय तसे तीन.

पहिला, स्ट्रटच्या डोक्यावर चकती. स्प्रिंगला हात लागत नाही, गाडीची चाल बरीचशी तशीच राहते. पण अख्खा स्ट्रट खाली सरकतो, त्यामुळे चाक हवेत लोंबकळलं की आर्म पूर्वीपेक्षा जास्त खाली जातो. बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त कोनात जातात. काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगलाच टेकतो. शाफ्टचा रबरी बूट घड्यांपाशी घासून फाटला की पहिली खूण रिमच्या आतल्या बाजूला दिसते: काळ्या ग्रीसचे शिंतोडे, पंख्यासारखे पसरलेले. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन तिथे बघायची सवय लावा.

दुसरा, स्प्रिंग आणि तिच्या वरच्या टोपीच्या मध्ये चकती, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची. आर्मचा खालचा शेवट बदलत नाही, पण खाली जायला जागाच कमी उरते. गतिरोधकावरून उतरताना चाक खाली लोंबतं आणि स्ट्रट आपल्या टोकाला ठप्प लागतो. आवाज येतो, हातालाही कळतं.

तिसरा, खाचांवर स्प्रिंगची बैठक वर-खाली करता येणारा शॉकॲब. तत्त्व दुसऱ्यासारखंच, पण शॉकॲबचं दमन त्या उंचीचा विचार करून ठरवलेलं असतं आणि हवी तेवढीच उंची निवडता येते. तुमचे शॉकॲब 90,000 किमी चाललेत. ते तसेही बदलण्याच्या वयात आलेत. थकलेल्या शॉकॲबवर चकती चढवण्यापेक्षा मी हाच मार्ग घेईन. मात्र असा शॉकॲब आणि त्यावर पुन्हा चकती, हे दोन्ही एकत्र कधीच नाही.

आता जे लिहितोय ते कृपया दोनदा वाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात स्ट्रट उघडावा लागतो. आत दाबलेली स्प्रिंग असते. चांगल्या प्रतीच्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय स्ट्रटचा मधला नट सैल करायचा नाही. ती स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते, जीव घेते. ज्याच्याकडे भिंतीला किंवा ओट्याला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर आहे त्याच्याकडून करून घ्या. यात हौस नको.

उंची बदलली की अलाइनमेंट लागतंच. कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटल्यासारखी वाटते, स्टेअरिंग सोडल्यावर मध्यावर यायला आळस करते. टो (चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली, तो कोन) बदलला तर नवे टायर काही हजार किलोमीटरांत एका कडेने झिजतात. काम करणाऱ्याला आधीच विचारा, या उंचीवर कॅस्टर जुळवायला मूळ बोल्टांत जागा आहे का. नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतात, आणि दोन इंचांच्या पुढे गेलात की ती वेळ बहुधा येते.

दुसरा गिअर

माझ्या जड पिकअपला पुढेही अखंड धुरा आहे, त्यात स्प्रिंगखाली चकती ठेवली की एक इंचाला एकच इंच मिळतो. दुपटीचा नियम तिथे लावू नका. आणि जुन्या टॉर्शन बारच्या गाड्यांत तर बारची चावी फिरवून उंची वाढते, पण बार पिरगळून शेवटाला नेला की गाडी दगडासारखी चालते. वाचणाऱ्यांत कुणाची तशी गाडी असेल म्हणून लिहिलं.

रात्रपाळी

मी रोज रात्री साठ किलोमीटर गाडी चालवते, म्हणून एवढं एकच सांगायला आले. नाक उचललेल्या पिकअपचे दिवे समोरच्याच्या थेट डोळ्यांत येतात. मला दर आठवड्याला एखाद्या तरी गाडीसाठी रस्त्याच्या कडेला थांबावं लागतं, कारण काही सेकंद पुढचं काहीच दिसत नाही.

काम सुरू करण्याआधी गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करा, खालच्या प्रकाशाची वरची रेघ जिथे पडते तिथे चिकटपट्टी लावा. किट बसवल्यावर त्याच जागी उभी करा आणि रेघ बघा. दिवा स्वतः थोडासाच वर जातो, पण गाडीचा कोन बदलतो आणि लांबवर तो फरक वाढत जातो. दिव्यामागचा स्क्रू फिरवून रेघ खाली आणायला दहा मिनिटं लागतात. ओझं भरून पुन्हा एकदा बघा, दादा.

जुना पाना

ताई, अगदी योग्य वेळी लिहिलंत. त्यालाच जोडून: काचेमागे कॅमेरा किंवा पुढच्या जाळीत रडार असेल, आपोआप ब्रेक लावणारी सोय असेल, तर उंचीनंतर तेही कॅलिब्रेट करून घ्यायचं.

सहा नट

रिमबद्दल राहिलेलं. "सहा बोल्टचा आहे, बसेल" असं म्हणून घेऊ नका. सहा बोल्टांतही 139.7 आणि 135 मिमी अशी दोन वेगळी वर्तुळं आहेत. फोर्ड एफ-150 ला 135 लागतं, टोयोटाच्या हायलक्स आणि टकोमाला 139.7. वर्तुळ जुळलं तरी मधलं भोक जुळायला हवं. हायलक्सच्या रिमचं भोक 106.1 मिमी, रेंजरचं 93.1. भोक लहान तर रिम हबवर चढणारच नाही. मोठं असेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात बसतं, तेव्हा मधली कडी घाला, नाहीतर ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरतं. नटाची बैठक शंकूची, गोल की सपाट, तेही रिमप्रमाणेच. कंपनीचे सपाट बैठकीचे नट शंकूच्या भोकात आवळले तर घट्ट वाटतात आणि वाटेत सैल होतात. रिमच्या आत कोरलेला भाराचा आकडाही वाचा, दिखाऊ रिमचा बऱ्याचदा टायरपेक्षा कमी असतो.

चाकं बसवल्यावर 80 ते 160 किमीच्या आत टॉर्क पान्याने नट पुन्हा तपासा. पायाने पान्यावर उभं राहून आवळणं म्हणजे स्टड ताणणं.

मोकळीवाट

चार आठवड्यांनी परत आलोय. काम झालं. शेवटी काय केलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कुणी हा धागा वाचला तर उपयोग होईल.

टायर: 265/70 आर 17, तेच माप, पण एलटी, भारश्रेणी सी, 112, ऑल टेरेन, कडेवर बर्फासाठीचं, तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह असलेले. 285 चा मोह शेवटच्या दिवसापर्यंत होता. व्यास साडेतीन टक्के वाढतो, म्हणजे काटा 100 दाखवत असताना गाडी 103.5 ने धावणार आणि प्रत्येक गिअर तेवढाच लांब होणार. ट्रॉली घेऊन चढ चढताना आधीच गिअर शोधावा लागतो, म्हणून नको म्हटलं. चिखलयात्री, तुमच्यासारखं रान तुडवायचं असतं तर तुमचंच ऐकलं असतं.

रिम: 17 इंचीच, आठ इंच रुंद, ऑफसेट अधिक 15. बाहेरची कड 21 मिमी बाहेर आली, आतल्या बाजूला आर्मपासून जवळजवळ 9 मिमी जागा वाढली. चाक फेंडरच्या रेषेत भरून दिसतं. मला जे चित्रांत आवडायचं ते बहुतेक यातच होतं, हे आता कळतंय.

उंची: खाचांचे शॉकॲब, चाकापाशी 25 मिमी. रिकामी असताना मागची बाजू अजून 23 मिमी वर आहे. तेच 300 किलो टाकल्यावर पुढचा भाग 14 मिमी वर येतो. डोळ्याला सपाटच वाटते.

अलाइनमेंटच्या कागदावर काम करण्याआधी कॅस्टर 2.9 अंश होता, उंचीनंतर 2.3 झाला, जुळवून 3.0 वर आणला; मूळ बोल्टांत जागा पुरली. त्या 2.3 वर गाडी अलाइनमेंटपर्यंत जेमतेम सहा किलोमीटर नेली, तेवढ्यातही स्टेअरिंग हातात हलकं आणि सुटं लागत होतं. पाना काका, तुमचा "आळस" हा शब्द तेव्हा आठवला.

रात्रपाळी ताई, चिकटपट्टी लावली होती. इतक्या कमी उंचीनेही रेघ सुमारे 9 सेंटीमीटर वर गेलेली. आणली खाली. मग ओझं भरून पुन्हा बघितली आणि आणखी थोडी उतरवली.

घासण्याची चाचणी: एक पुढचं चाक उतारफळीवर चढवून, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण तोडून, पुढे-मागे. कुठेही लागत नाही. मडफ्लॅपच्या कोपऱ्यापासून बोटभर जागा आहे. नट 100 किमीला तपासले, दोन किंचित फिरले.

वजनकाटा

सुंदर काम. स्टेपनीचं काय केलंत?

मोकळीवाट

माप तेच राहिल्यामुळे जुन्यातला सगळ्यात चांगला टायर त्याच्या मूळ रिमसकट हौद्याखाली टांगला. नक्षी 7 मिमी शिल्लक आहे. मूळ रिमचे सपाट बैठकीचे सहा नट पिशवीत घालून जॅकच्या पेटीत ठेवलेत, कारण नव्या रिमचे शंकूचे नट त्याला चालत नाहीत.

सहा नट

त्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत "स्टेपनी" लिहून ठेवा. रात्री, पावसात, घाईत दोन्ही नट हाताला सारखेच लागतात.

मोकळीवाट

आत्ताच लिहिलं, रंगाच्या पेनने.